नवीन जोडलेला पीसी रोज निळी स्क्रीन दाखवतो, तीनदा फॉरमॅट मारून झालं (अपडेट: सुटलं, पण सगळा धागा वाचा)

सातपुडा_पायथा | सोमवार, रात्री ११:४०

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. पुतण्या अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ एडिट करतो, आजवर माझ्या जुन्या लॅपटॉपवर रडतकढत चाललं होतं. यंदा केळीचे पैसे वेळेवर हाती आले, म्हणून काका-पुतण्याने मिळून पीसी जोडला. सामान जळगावहून आणलं, जोडणी घरीच, व्हिडिओ बघून. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी नारळ फोडून चालू केला.

सामान असं: रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ ३२०० रॅमच्या दोन पट्ट्या, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज ११.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मस्त चालला. रात्रीपासून जे सुरू झालं ते आज दहावा दिवस. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. आणि कधी निळं-बिळं काहीच नाही, फट् करून बंद, परत आपोआप चालू. तीनदा फॉरमॅट मारला. दुसऱ्या वेळी तर विंडोज टाकतानाच साठ टक्क्यांवर एरर देऊन थांबलं, पुन्हा लावलं तर झालं.

दुकानदार म्हणतो, पेन ड्राइव्ह खराब असेल. नाहीतर बोर्ड कंपनीकडे पाठवू, पंधरा दिवस धरा. पाठवू का? घरात रोज ऐकून घ्यावं लागतंय की एवढ्या पैशात ठिबक झालं असतं.

भरीतप्रेमी | सोमवार, रात्री ११:५२

विंडोज ११ काढ, १० टाक. विषय संपला.

खान्देशी_भो | मंगळवार, सकाळी ७:१५

भाऊ, बोर्ड काबर धाडस? आधी पांझराकाठ काय म्हणस ते ऐक. वाचून राहिलो.

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ९:०५

बोर्ड पाठवू नका. फॉरमॅटही आता बास.

तुमच्या पोस्टमध्ये मला दोन गोष्टी खटकल्या. एक, प्रत्येक वेळी वेगळा कोड. एखादा ड्रायव्हर खराब असला की तो बहुतेक वेळा त्याच कोडवर, त्याच कामाला आडवा येतो. इथे आज हे, उद्या ते, तिसऱ्या दिवशी भलतंच. म्हणजे जिथे सगळेच येऊन बसतात ती जागा कच्ची आहे, आणि ती जागा म्हणजे मेमरी. दोन, विंडोज टाकतानाच एरर. पेन ड्राइव्हवरून आलेली फाइल रॅममधून जाते, तिथे उलगडते, मग एसएसडीवर लिहिली जाते. मध्ये एक बिट जरी उलटला तरी इन्स्टॉलर म्हणतो फाइल खराब आहे. पेन ड्राइव्ह बिचारा फुकट बदनाम.

आता एक काम करा. स्टार्टवर उजवं क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे कर्नल-पॉवर ४१ अशा लाल नोंदी असतील, म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झाली. प्रत्येकीच्या डिटेल्समध्ये बगचेककोड नावाची ओळ आहे. ते आकडे आणि त्या नोंदींच्या वेळा इथे लिहा. आकडा दशमान पद्धतीत असतो म्हणून लोक गोंधळतात, निळ्या स्क्रीनचा कोड सोळाच्या पद्धतीत असतो. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १० म्हणजे आयआरक्यूएलवाला, ८० म्हणजे पेज फॉल्ट. २९२ दिसला तर लगेच सांगा, ती हार्डवेअरने स्वतः केलेली तक्रार असते.

आणि हो, दोन्ही रॅम एकाच पाकिटातल्या आहेत का? बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) एक्सएमपी चालू केलंय का?

सातपुडा_पायथा | मंगळवार, दुपारी १:३०

एक्सएमपी म्हणजे काय तेच माहीत नाही, बायोसला हात लावलेला नाही. रॅमची पाकिटं फेकली. बिलावर नुसतं "८ जीबी ३२०० × २" आहे.

शेवटच्या फॉरमॅटच्या आधीच्या नोंदी गेल्या असणार, पण पुतण्या दर वेळी मोबाइलवर फोटो काढत होता आणि वहीत वेळ लिहीत होता. दोन्ही जुळवून एकूण १९ वेळा. २६ सात वेळा, १० चार वेळा, ८० दोन वेळा. उरलेल्या सहा वेळा निळी स्क्रीन नाही, आणि त्यातल्या ज्यांच्या नोंदी सापडल्या तिथे बगचेककोड शून्य आहे.

२९२ कुठेच नाही.

पांझराकाठ | मंगळवार, दुपारी १:४४

वही ठेवणाऱ्या पुतण्याला माझ्याकडून एक पार्टी.

शून्य म्हणजे विंडोजला मरायलाही वेळ मिळाला नाही. कोड लिहिण्याआधीच करंट तुटला, किंवा कोणी रीसेट दाबलं, किंवा मशीन इतकी गोठली की काही लिहिलंच गेलं नाही. तुमच्याकडे दोन वेगळे आजार असू शकतात. तेरा वेळचा एक, सहा वेळचा दुसरा. दोन्ही एकात धरले तर कुठलंच निदान बसत नाही, दुकानदाराचंही त्यामुळेच बसलं नसेल.

आधी तेरा.

भरीतप्रेमी | मंगळवार, दुपारी २:१०

अरे बाहेर ४४ डिग्री चालू आहे. प्रोसेसर तापतोय, सरळ हिशोब. कॅबिनेटचं झाकण काढून कूलरसमोर ठेवा.

अंजनीकाठ | मंगळवार, दुपारी २:३५

कूलरसमोर अजिबात ठेवू नका! एरंडोलला माझा टायपिंग-एमएससीआयटीचा क्लास आहे, एका मे महिन्यात मुलांनी हाच उद्योग केला होता. वाळ्याच्या कूलरची हवा ओली असते, बारीक तुषार येतात, वर आपल्याकडची धूळ. पंख्याच्या पात्यांवर चिखलाचा थर बसला होता अक्षरशः. खोलीत कूलर चालू द्या, पण झोत मशीनवर नको.

तापमानाचं अंदाजाने बोलण्यापेक्षा एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) टाकून बघा. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे आणि तिथे पोचला की तो आधी वेग कमी करतो, लगेच बंद पडत नाही. व्हिडिओ रेंडरला लावा आणि वीस मिनिटांनी आकडा सांगा.

दुसरं, रॅम काढून परत बसवा. बटण बंद, वायर काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग. दोन्ही पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. आमच्या क्लासमधल्या "खराब" मशिनींपैकी निम्म्या नुसत्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्याने बऱ्या झाल्या आहेत.

सातपुडा_पायथा | मंगळवार, रात्री ८:२०

ताई, केलं. रॅम दुसऱ्या-चौथ्या खाचेतच होत्या, नीट बसलेल्या. रेंडरला लावलं, खोलीत ३९ असताना प्रोसेसर ८१ वर स्थिर. पंचविसाव्या मिनिटाला मेमरी मॅनेजमेंट, निळी. तेव्हाही ८१ च.

पांझराकाठ | मंगळवार, रात्री ८:४५

म्हणजे ताप नाही. आता मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून मशीन चालू करा. फुकट आहे. विंडोजच्या आतली जी मेमरी तपासणी आहे ती वरवरची, तिच्यावर विसंबू नका. सुरू होत नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तेवढं बंद करा.

पहिल्यांदा मशीन आहे तशी, दोन्ही पट्ट्यांसकट. एक जरी लाल ओळ आली तर थांबवा. तिथे "थोड्याशा चुका चालतात" असं काही नसतं, शून्य म्हणजे शून्य. मग एकेक पट्टी वेगळी, दोन्हीसाठी खाच तीच. प्रत्येकीच्या चार फेऱ्या. वेळ लागेल, रात्री लावून झोपा.

सातपुडा_पायथा | गुरुवार, सकाळी ६:५०

दोन रात्री गेल्या. डोकं चालेनासं झालंय.

दोन्ही पट्ट्या एकत्र: अकराव्या मिनिटाला लाल. बघता बघता चारशेच्या वर चुका, घाबरून बंद केलं.
पहिली पट्टी एकटी: चार फेऱ्या, शून्य.
दुसरी पट्टी एकटी: चार फेऱ्या, शून्य.

दोन्ही चांगल्या आणि एकत्र वाईट? सख्ख्या जावांसारखं?

भरीतप्रेमी | गुरुवार, सकाळी ८:०२

आता बोर्डच. पाठवा.

पांझराकाठ | गुरुवार, सकाळी ९:३०

थांबा. पट्ट्यांवरच्या स्टिकरचे फोटो टाका, जवळून, आकडे वाचता येतील असे. आणि बायोस उघडून पहिल्या पानावर मेमरीचा वेग आणि व्होल्टेज काय दिसतंय ते बघा. एकदा दोन्ही असताना, एकदा दुसरी एकटी असताना.

सातपुडा_पायथा | गुरुवार, दुपारी १२:१५

फोटो टाकले. एकीवर लिहिलंय ३२००, १६-१८-१८-३८, १.३५ व्होल्ट. दुसरीवर ३२००, २२-२२-२२, १.२ व्होल्ट. रंग दोघींचा काळाच, म्हणून कधी लक्ष गेलं नाही.

बायोसमध्ये दोन्ही असताना ३२००, १६-१८-१८, १.३५. दुसरी एकटी असताना ३२००, २२-२२-२२, १.२.

आणि एक कबुली. मी म्हटलं होतं बायोसला हात लावला नाही. मी नाही लावला. साहेबांनी लावला होता! आखाजीच्या दिवशी संध्याकाळी एक व्हिडिओ बघून एक्सएमपी चालू केलं, "फुकट वेग मिळतो" म्हणून. निळी स्क्रीन आली तर काका ओरडेल म्हणून बोलला नाही. आत्ता फोटो काढताना हळूच सांगितलं.

पांझराकाठ | गुरुवार, दुपारी १२:४०

सापडलं मग. आणि पुतण्याला ओरडू नका, एक्सएमपी चालू करणं चूक नाही.

झालंय असं. दोन्हीवर ३२०० लिहिलंय, पण तो नुसता वेग. पुढचे आकडे म्हणजे मागणी केल्यापासून माल हाती येईपर्यंत किती ठोके थांबायचं. पहिली पट्टी १६ ठोक्यांत देते, पण त्यासाठी तिला १.३५ व्होल्टचा खुराक लागतो, आणि ती सवय तिच्या एक्सएमपीमध्ये, म्हणजे कंपनीने पट्टीतच भरून ठेवलेल्या वेगवान वेळापत्रकात, लिहिलेली आहे. दुसरी साध्या १.२ व्होल्टवर ३२०० ने चालते, पण २२ ठोके घेते. ती तिची प्रमाणित चाल, तिच्यात एक्सएमपी नाहीच. एक्सएमपी चालू केल्यावर बोर्डाने पहिलीचं वेळापत्रक उचललं आणि दोघींना लावलं. दुसरी बिचारी १६ ठोक्यांत माल द्यायला धावते आणि अधूनमधून भलतंच हातात देते. एकटी असताना तिला स्वतःची चाल मिळते, म्हणून चार फेऱ्या स्वच्छ.

तीनदा फॉरमॅट मारूनही फरक का पडला नाही तेही यातच आलं. फॉरमॅटने एसएसडी पुसली जाते. बायोसची सेटिंग बोर्डावरच्या चिपमध्ये असते, तिला विंडोजचं घेणंदेणं नाही.

आता दोन्ही पट्ट्या लावून एक्सएमपी बंद करा आणि मेमटेस्ट चालवा. दोघींना जमेल असा कमी वेग बोर्ड स्वतः निवडेल.

अंजनीकाठ | गुरुवार, दुपारी १:०५

एक जोड देते. या प्रोसेसरचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, याच रॅममधून वाटा घेतं. मध्येच स्क्रीनवर चौकटी किंवा रंगीत रेघा दिसत असतील तर तेही यामुळेच. आणि म्हणूनच कायमचं कमी वेगावर चालवू नका, एडिटिंगला जाणवेल. एकाच पाकिटातली जोडी घ्या.

सातपुडा_पायथा | शुक्रवार, सकाळी ७:१०

एक्सएमपी बंद, दोन्ही एकत्र, बोर्डाने २४०० निवडला. रात्रभर. शून्य.

रंगीत रेघा दिसायच्या ताई, आम्ही एचडीएमआयची वायर बदलून बसलो होतो.

उद्या जळगावला जातो. बिलावर दोन्ही एकच लिहिलंय, त्यामुळे बोलायला तोंड आहे.

लोकोशेड | शुक्रवार, सकाळी ७:४५

पहिल्या दिवसापासून वाचतोय. भुसावळ, रेल्वेच्या इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त. रॅममधलं मला कळत नाही. पण ते सहा शून्य माझे आहेत. त्या सहा वेळा लिहा.

सातपुडा_पायथा | शुक्रवार, सकाळी ८:३०

काका, वहीतून लिहितो: ५:०४, ५:१०, ५:०२, ४:५८, ५:०६, आणि एकदा सकाळी ९:३१. पहिल्या पाच संध्याकाळच्या.

लिहिल्यावर मीच चमकलो.

लोकोशेड | शुक्रवार, सकाळी ८:४१

पाच वाजता तुमच्या गल्लीत काय सुरू होतं?

सातपुडा_पायथा | शुक्रवार, सकाळी ८:४४

पिठाची गिरणी. समोरच आहे. पाचला उघडते. दहा एचपीची मोटर.

सकाळी साडेनऊला कळणं दळायला उघडतो कधीकधी.

खान्देशी_भो | शुक्रवार, सकाळी ८:५०

कळण्याची भाकर शे ही सगळी! 😂

लोकोशेड | शुक्रवार, सकाळी ९:२०

मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या पाच-सहा पट करंट ओढते. गिरणी आणि तुमचं घर एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर चालू, व्होल्टेज आधीच खाली. क्षणभर आणखी डुबकी मारतं. दिवा नुसता मिचकतो, पंख्याला कळतही नाही.

तीन गोष्टी बघा. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट काय लिहिलंय. पीसी इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, आणि इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस-नॉर्मल असा खटका आहे का. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावल्यावर झिणझिण्या येतात का.

एसएमपीएस उघडू नका, वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या, पाच वाजता.

सातपुडा_पायथा | शनिवार, रात्री ९:५५

आजचा दिवस मोठा होता, सगळं एकदम लिहितो.

जळगावला सकाळीच गेलो. दुकानदाराला दोन्ही स्टिकर शेजारी ठेवून दाखवले. तो आधी म्हणाला, दोन्ही ३२०० च आहेत ना. मग मेमटेस्टचा फोटो दाखवला, लाल लाल. गप्प झाला. पट्ट्या परत घेतल्या, वरचे थोडे पैसे घेऊन एका पाकिटातली जोडी दिली. भांडण नाही झालं, चहा पाजला.

साडेचारपर्यंत घरी. वायरमन येऊन बसलाच होता. मीटरची दांडी सॉकेटमध्ये, डोळे घड्याळावर. गल्लीतली चार पोरं पण जमली. आधी २०६ दाखवत होता. पाच वाजून तीन मिनिटांनी समोर पट्ट्याचा आवाज झाला, आकडा १६१ वर गेला आणि दुसऱ्या क्षणी २०० वर परत. पीसी फट्.

एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट २००-२४०. इन्व्हर्टरचा खटका नॉर्मलवर. तो बसवला तेव्हापासून कोणी हात लावला नसावा, खटक्यावर कोळ्याचं जाळं होतं.

खटका यूपीएसवर केला. गिरणीवाल्या भाऊला विनंती करून मोटर पुन्हा दोनदा चालू-बंद करायला लावली. (त्याचं म्हणणं, "तुमना कॉम्प्युटर मन्ही गिरणीले घाबरस का?") दोन्ही वेळा इन्व्हर्टरने टक् केलं, बॅटरीवर गेला, परत आला. पीसी हलला नाही.

लोकोशेड | शनिवार, रात्री १०:२०

बरोबर. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एसएमपीएस वीज तुटल्यावर साठवणीवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, स्वस्तातला त्याहून कमी. नॉर्मलवर इन्व्हर्टर व्होल्टेज खूप खाली जाईपर्यंत लाइन तशीच पुढे देत राहतो, आणि बदल करतो तोही सावकाश. यूपीएसवर १८० च्या आसपासच लाइन सोडतो, आणि झटकन. बॅटरी थोडी जास्त वापरली जाईल, पाणी बघत जा.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना? चौकोनी वेव्हवर काही एसएमपीएस कुरकुर करतात.

झिणझिण्यांचं राहिलं.

सातपुडा_पायथा | शनिवार, रात्री १०:३१

साइन वेव्ह लिहिलंय. झिणझिण्या येतात, आम्हाला वाटलं नवीन पत्रा आहे म्हणून.

लोकोशेड | शनिवार, रात्री १०:४८

नवीन पत्र्याला झिणझिण्या येत नसतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, तिसऱ्या पिनमधून तो गळणारा करंट जमिनीत जायला हवा. अर्थिंग तुटली की पत्रा लाइनच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. करंट अगदी थोडा, पण यूएसबी लावताना तो तिकडून वाट शोधतो.

तुमच्याकडे काळी जमीन. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगची पट्टी मातीला टेकतच नाही. आधी खड्डा शोधा, मग पाणी ओता. तरी येत असेल तर वायर बघावी लागेल.

पांझराकाठ | शनिवार, रात्री ११:०५

नवीन जोडी, एक्सएमपी चालू, मेमटेस्टच्या चार फेऱ्या. शून्य आल्या की विंडोज कोरं टाका. दहा दिवस बिघडलेल्या मेमरीतून ज्या फाइली एसएसडीवर गेल्या त्यातल्या कुठल्या सडक्या आहेत हे एसएफसी आणि डीआयएसएम या विंडोजच्या तपासणी कमांडनी बरंचसं कळेल, पण ती फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइली बघतात. पुतण्याच्या प्रोजेक्ट फाइली ती तपासत नाहीत. त्या मूळ मेमरी कार्डवरून परत घ्या.

भरीतप्रेमी | शनिवार, रात्री ११:०९

म्हणजे शेवटी फॉरमॅटच ना? मी पहिल्या दिवशी हेच म्हणत होतो.

पांझराकाठ | शनिवार, रात्री ११:१०

🙏

सातपुडा_पायथा | बुधवार, रात्री ९:१५

चार फेऱ्या शून्य. चौथं फॉरमॅट. तीन दिवस झाले, एकही ४१ नाही. काल संध्याकाळी पावणेपाचला पुतण्याने मुद्दाम कानबाईच्या गाण्याचा रेंडर लावला, पाचला गिरणी सुरू झाली, सगळे स्क्रीनकडे बघत उभे. पाच चाळीसला फाइल तयार.

शीर्षक बदललं. पाकीट एकच घ्या हे ताईंनी सांगितलेलं पुतण्याने कॅबिनेटच्या आत मार्करने लिहून ठेवलंय.

लोकोशेड | बुधवार, रात्री ९:४०

खड्ड्यात पाणी?

सातपुडा_पायथा | बुधवार, रात्री ९:४३

खड्डा तुळशीमागे सापडला. वर फरशी बसवली होती. काढली, चार बादल्या गेल्या तरी पीतच होता. झिणझिण्या गेल्या काका.